आडनांवाचें मोल



शाळेंत नवें वर्ष सुरू झालें म्हणजे वर्गशिक्षकाचें पहिलें काम हजेरीपट वाचण्याचें असतें. कांहीं वर्षांपूर्वीं, मी दुसऱ्या एका गांवीं शिक्षक असतांना, जून महिन्यांतील अशाच एका सकाळीं मीं सातव्या इयत्तेचा हजेरीपट हातीं घेतला. नवीन आलेल्या एका विद्यार्थ्याचें आडनांव 'उंदरे' असें होतें. मीं तें उच्चारतांच मागच्या बांकावरून कोणीसा 'चूं चूं' असा आवाज काढला, आणि सारा वर्ग हंसला. त्या मुलानें 'हजर' म्हणून खालीं मान घातली. मीं वर्गाला दटावलें खरें; परंतु दटावण्यापूर्वीं माझ्याही ओठांवर क्षणभर हंसूं आलें होतें, आणि तें त्या मुलानें पाहिलें होतें. ही गोष्ट पुष्कळ दिवस माझ्या मनाला टोंचत राहिली.

आठ दिवसांनीं त्याचे वडील शाळेंत आले. साधे शेतकरी गृहस्थ. डोक्यावरचा रुमाल काढून हातांत घेऊन दाराशींच उभे राहिले. मीं आंत बोलावलें तेव्हां म्हणाले, "गुरुजी, लेकरू शाळेत यायना झालंय. आडनाव बदला म्हणतंय. सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर, समद्यावर हेच नाव हाय. लेकरासाठी बदलतो म्या. पण बदलून ठेवावं काय, तेवढं तुम्ही सांगा."

आडनांव बदलावयाचें तर अर्ज कसा करावा, तें राजपत्रांत कसें प्रसिद्ध करावें लागतें, हें मला सांगतां आलें असतें. 'ठेवावं काय' ह्या प्रश्नाला मात्र माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. "दोन दिवसांनीं या," असें सांगून मीं त्यांना निरोप दिला, आणि सायंकाळीं ग्रंथालयांत जाऊन बसलों. समोर मराठीचा तो जाडजूड मराठी-इंग्रजी कोश होता, ज्याला आपण सारे 'मोल्सवर्थ' म्हणून ओळखतों. त्यांत शब्द पाहावा म्हणून तो उघडणार, इतक्यांत माझी दृष्टि कोशकाराच्या नांवावरच थांबली. मनांत आलें, ज्या पुरुषाच्या आडनांवानें मराठीचा एवढा मोठा ग्रंथ ओळखला जातो, त्या आडनांवाचा तरी अर्थ काय असेल? त्या शोधांतून जें हातीं लागलें, तेंच आज आपणांपुढें मांडतों.

प्रथम त्या पुरुषाविषयीं थोडेंसें. जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ सालीं झाला. कोंवळ्या वयांतच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करांत अधिकारी म्हणून ह्या देशांत आले. परंतु तलवारीपेक्षां शब्दांशींच त्यांचें अधिक सख्य जडलें. जॉर्ज व टॉमस कँडी ह्या बंधूंच्या आणि अनेक मराठी शास्त्र्यांच्या साहाय्यानें त्यांनीं मराठी शब्दांचा संग्रह केला, आणि १८३१ सालीं त्या कोशाची पहिली आवृत्ति प्रसिद्ध झाली. १८५७ सालीं दुसरी, सुधारून वाढविलेली आवृत्ति निघाली. तींत सुमारें ६०,००० शब्द आहेत. पोथ्यांतील संस्कृत शब्दांबरोबर शेतकऱ्याच्या, कारागिराच्या आणि बाजारांतील माणसाच्या तोंडचे शब्दही त्यांनीं सारख्याच आदरानें नोंदविले, हें त्या कोशाचें वैशिष्ट्य होय. १९७५ सालीं पुण्यास त्याचें पुनर्मुद्रण झालें, आणि आतां तर तो संगणकावरही पाहतां येतो. मोल्सवर्थ १८७१ सालीं वारले. मराठी लोक त्यांना 'मोलेसर शास्त्री' असें म्हणत. परक्या माणसाच्या नांवाला 'शास्त्री' ही पदवी आपल्या लोकांनीं उगीच जोडलेली नाहीं.

आतां आडनांवाकडे वळूं. इंग्रजी शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यास हें नांव फोडून दाखवावयास सांगितलें, तर तो चटकन सांगेल कीं, 'मोल' म्हणजे जमीन पोखरणारा, उंदराएवढा एक प्राणी, आणि 'वर्थ' म्हणजे किंमत. तेव्हां मोल्सवर्थ म्हणजे त्या प्राण्याची किंमत! मराठी कान तर त्याहून पुढें जाऊन म्हणेल कीं, 'मोल' म्हणजे किंमत आणि 'वर्थ' म्हणजेही किंमत. हे दोन्ही अर्थ ऐकण्यास गमतीचे आहेत, आणि दोन्ही साफ चुकीचे आहेत. शब्दाच्या आजच्या उच्चारावरून त्याचा जुना अर्थ ठरवूं नये, हा व्युत्पत्तिशास्त्राचा पहिला धडा होय.

मोल्सवर्थ हें मूळचें माणसाचें नांव नव्हेच. तें एका गांवाचें नांव आहे. इंग्लंडच्या पूर्वभागांत, पूर्वींच्या हंटिंगडनशर आणि आतांच्या केंब्रिजशर परगण्यांत, ह्या नांवाचें एक लहानसें खेडें आजही आहे. त्यांतील 'वर्थ' हा किंमत ह्या अर्थाचा शब्द नसून, जुन्या इंग्रजी भाषेंतील 'कुंपण घातलेलें आवार, वस्ती' ह्या अर्थाचा दुसराच शब्द आहे. केनिलवर्थ येथील किल्ला प्रसिद्ध आहे; त्या गांवाच्या नांवांतही हेंच पद आलेलें आहे. आपल्याकडील 'वाडी' हा शब्ददेखील मुळांत कुंपण घातलेल्या जागेचाच वाचक आहे, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. राहतां राहिला 'मोल'. तें बीळ करणारें जनावर नसून, 'मूल' नांवाच्या कोणा प्राचीन मनुष्याची ती आठवण आहे. सारांश, गांवाच्या नांवाचा अर्थ झाला 'मूल नांवाच्या माणसाची वाडी', आणि त्या गांवाहून आलेला तो 'मूलवाडीकर'. म्हणजे मराठी रीतीनें बोलावयाचें, तर आपले मोलेसर शास्त्री हे मूलवाडीकर शास्त्री होते!

हें गांव किती जुनें? फ्रान्समधील नॉर्मंडीचा विल्यम यानें १०६६ सालीं इंग्लंड जिंकलें, आणि वीस वर्षांनीं, म्हणजे १०८६ सालीं, आपल्या नव्या राज्यांतील जमिनीची मोजदाद करविली. कोणत्या गांवीं किती जमीन, किती नांगर, कोणाची मालकी, हें सारें एका प्रचंड वहींत लिहिलें गेलें. तिला 'डूम्सडे बुक' म्हणतात. आपल्या सातबाऱ्याची ती दूरची वडील बहीणच समजा. त्या वहींत मोल्सवर्थ गांवाची नोंद आहे. पुढें राजा पहिला एडवर्ड याच्या कारकीर्दींत, म्हणजे १२७२ ते १३०७ ह्या काळांत, वॉल्टर डी मोल्सवर्थ नांवाचा एक सरदार आढळतो. ह्यांतील 'डी' हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ 'चा', 'येथील' असा आहे. आपला 'कर' नांवाच्या मागें लागतो, त्यांचा 'डी' पुढें लागतो, इतकाच भेद. कालांतरानें 'डी' गळून पडला आणि गांवाचें नांव तेवढें घराण्याला चिकटून राहिलें.

ह्या घराण्याच्या शाखा दूरवर पसरल्या. एक शाखा आयर्लंडांत गेली. त्या शाखेंतील रॉबर्ट मोल्सवर्थ यास १७१६ सालीं 'व्हायकाउंट' हा किताब मिळाला. दुसरी शाखा इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाला कॉर्नवॉल परगण्यांत पेनकॅरो येथें नांदली. त्या शाखेंतील सर विल्यम मोल्सवर्थ हे १८५५ सालीं ब्रिटिश सरकारांत वसाहतींचे मंत्री झाले. आयर्लंडच्या डब्लिन शहरांत मोल्सवर्थ नांवाचा रस्ता आहे, आणि न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन येथें ज्या रस्त्यावर पार्लमेंटाची इमारत उभी आहे, त्याचेंही नांव तेंच. मूल नांवाच्या ज्या कुणब्यानें आपल्या जमिनीभोंवतीं काट्यांचें कुंपण घातलें असेल, त्याच्या त्या कुंपणाचें नांव हजार वर्षांनीं डब्लिनापासून वेलिंग्टनापर्यंत आणि आपल्या ग्रंथालयापर्यंत येऊन पोहोंचलें!

इंग्रजांचीं आडनांवें आरंभापासून होतीं, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाहीं. नॉर्मन विजयापूर्वीं तेथील सामान्य माणसाला एकच नांव असे. पुढें राज्यकारभार वाढला, कर वसूल करण्याच्या याद्या होऊं लागल्या, जमिनीचा वारसा ठरवावा लागूं लागला. आणि एकाच गांवांत दहा जॉन व आठ विल्यम असल्यामुळें कारकुनाला त्यांतील कोणता जॉन हें लिहिणें भाग पडलें. तेव्हां चार वाटांनीं आडनांवें आलीं. कोणी गांवावरून ओळखला गेला. त्याचें उदाहरण मोल्सवर्थ. कोणी बापावरून, जसें विल्सन म्हणजे विलचा मुलगा, जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. मोल्सवर्थाच्या दुसऱ्या आवृत्तीला मराठी भाषेवरील निबंध जोडणारे आणि ज्यांच्या नांवाचें महाविद्यालय मुंबईस चौपाटीसमोर उभें आहे, ते डॉ. जॉन विल्सन ह्या दुसऱ्या वर्गांतले. कोणी धंद्यावरून, स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, पॉटर म्हणजे कुंभार, कार्पेंटर म्हणजे सुतार. आणि कोणी रूपगुणांवरून किंवा लोकांनीं पाडलेल्या टोपणनांवावरून. आर्मस्ट्राँग म्हणजे बळकट बाहूंचा, फॉक्स म्हणजे कोल्हा. हीं नांवें हळूहळू पिढीजात झालीं. १५३८ सालीं टॉमस क्रॉमवेल याच्या आज्ञेनें इंग्लंडमधील प्रत्येक चर्चमध्यें बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवण्यांत येऊं लागली, तेव्हां तर तीं कागदावर पक्कीं झालीं. तेथें आज सर्वांत अधिक लोकांचें आडनांव कोणतें असेल, तर तें स्मिथ, म्हणजे लोहार होय. लोहाराचा वंशज म्हणवून घेण्यांत तेथें कोणास कमीपणा वाटत नाहीं.

आतां आपल्याकडे पाहूं. येथेंही वाटा त्याच आहेत. परभणी जिल्ह्याच्या नकाशावर बोट फिरवा: गंगाखेड, जिंतूर, पाथरी, सेलू, मानवत. ह्या प्रत्येक गांवानें एकेक आडनांव जगाला दिलेलें आहे: गंगाखेडकर, जिंतूरकर, पाथरीकर, सेलूकर, मानवतकर. परंतु यांत एक मौज आहे. गंगाखेडांत राहणाऱ्याला कोणी गंगाखेडकर म्हणून हांक मारीत नाहीं, कारण तेथें सारेच गंगाखेडचे! तो माणूस पोटासाठीं, विद्येसाठीं, अथवा दुष्काळाच्या झळीनें गांव सोडून परगांवीं गेला, म्हणजे तेथील लोक विचारतात, "हा कोण?" आणि उत्तर येतें, "तो गंगाखेडकर." म्हणजे गांवावरून पडलेलें आडनांव हें बहुधा गांव सुटल्याचें चिन्ह असतें. ज्या पूर्वजानें तें प्रथम धारण केलें, तो एके दिवशीं डोक्यावर गांठोडें घेऊन वेशीबाहेर पडलेला होता. २०२० सालच्या साथीच्या दिवसांत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे डॉ. रमण गंगाखेडकर हे रोगाविषयीं माहिती देण्यासाठीं दूरदर्शनवर येत, तेव्हां गोदातीरीच्या आपल्या ह्या गांवाचें नांव साऱ्या देशाच्या कानीं पडत होतें.

दुसरी वाट अधिकाराची. पाटील हा गांवचा मुख्य, कुलकर्णी हा गांवचा हिशेबनीस, देशमुख आणि देशपांडे हे अनुक्रमें परगण्याचे तसेच अधिकारी. चिटणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस यांच्या अखेरचा 'नीस' म्हणजे फारशींतील 'नवीस', लिहिणारा. शेंकडों वर्षें येथील दरबारांचा कारभार फारशींत चालला, त्याची ही खूण. हे अधिकार पुढें गेले. महाराष्ट्रांत १९६२ च्या कायद्यानें वंशपरंपरेची पाटीलकी संपली. तिच्या आधींच मुंबई राज्यांत कुलकर्णी वतनें कायद्यानें नाहींशीं झालीं होतीं. अधिकार गेला आणि आडनांव तेवढें मागें राहिलें. ज्याचें आडनांव पाटील त्याच्या घरीं आज चावडी नाहीं, आणि ज्याचें कुलकर्णी त्याच्या घरीं गांवचें दप्तर नाहीं. परभणीच्या कृषि विद्यापीठाला ज्यांचें नांव दिलेलें आहे, त्या वसंतराव नाईकांचें उदाहरण घ्या. त्यांचें घराणें मूळचें राठोड; बंजारा समाजांत तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात, आणि तो मानच पुढें आडनांव झाला.

धंद्याची वाट तर उघडच आहे: सुतार, लोहार, सोनार, कुंभार. स्मिथ आणि लोहार हीं एकाच अर्थाचीं दोन नांवें. मुंबईच्या पारशी लोकांनीं तर इंग्रजी अमदानींतील नव्या धंद्यांचींच नांवें घेतलीं, आणि कोणी इंजिनियर झाले, कोणी काँट्रॅक्टर. रूपगुणांवरून व प्राण्यांवरून पडलेलीं आडनांवें आपल्याकडे विपुल आहेत: काळे, गोरे, वाघ, कोल्हे, लांडगे, घोडके. इंग्रजांचा फॉक्स आणि आपले कोल्हे हे एकाच रानांतले! बापाच्या नांवाचें मात्र आपण इंग्रजांसारखें आडनांव सहसा केलें नाहीं. तें मध्यें ठेवलें. आतां महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानें १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नांवांत, बापाच्या नांवाआधीं आईचें नांव लिहिलें जातें. ज्या माउलीनें जन्म दिला तिला कागदावर जागा मिळावयास इतकीं शतकें लागलीं, ह्याचाही विचार मुलामुलींनीं करावा.

ह्यावरून कोणी समजेल कीं आडनांव एकदां पडलें म्हणजे तें शिळेवरचा लेख झालें. तसेंही नाहीं. पेशवाईंतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचें मूळ आडनांव भानू. फडणिशीचें काम पिढीजात चालविल्यामुळें भानू मागें पडलें. महात्मा जोतीराव फुले यांचें घराणें साताऱ्याकडील कटगुणचें, मूळ आडनांव गोऱ्हे. पुण्यास पेशव्यांकडे फुलें पुरविण्याचा धंदा करूं लागल्यावर लोक त्यांना फुले म्हणूं लागले. वसईच्या प्रांतांत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचें राज्य होतें. तेथें व गोव्यांत बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मगुरूंचीं वा धर्मपित्यांचीं पोर्तुगीज आडनांवें कुटुंबांना मिळालीं. सिल्वा म्हणजे रान, परेरा म्हणजे नासपतीचें झाड, फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा पुत्र. परंतु ह्या नांवांचीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या घरीं मराठी व कोंकणी बोलत आलीं. उलट, जालन्याजवळ बेथेल ही वस्ती उभारणारे नारायण शेषाद्रि किंवा कवि नारायण वामन टिळक यांनीं धर्मांतरानंतरही आपलीं वाडवडिलांचीं आडनांवें सोडलीं नाहींत. डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या घराण्याचें आडनांव सकपाळ. रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवे ह्या गांवावरून आंबडवेकर, आणि पुढें आंबेडकर. त्यांच्या एका शिक्षकांचें आडनांव आंबेडकर होतें, आणि ह्या बदलाशीं त्यांचा संबंध सांगितला जातो. भीमराव ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या शाळेंत दाखल झाले. तो दिवस महाराष्ट्रांत 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळतात. शाळेच्या वहींतील एका ओळीला केवढें महत्त्व असूं शकतें, हें ह्यावरून ध्यानांत येईल. ती ओळ लिहिणाऱ्या आम्हां शिक्षकांनीं तें विशेषच ध्यानांत ठेविलें पाहिजे.

आणि ज्यांना आडनांवच नाहीं, त्यांचें काय? गंगाखेडचें नांव ज्यांच्यामुळें महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोंचलें, त्या संत जनाबाईंना आडनांव नाहीं. त्या नामदेवांच्या घरच्या दासी, आणि तीच त्यांची ओळख. नामदेवांच्या घराण्याचें आडनांव रेळेकर होतें, हें किती जणांना ठाऊक आहे? हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचें पूर्वाश्रमींचें नांव व्यंकटेश खेडगीकर. संन्यास घेतांना त्यांनीं तें आडनांव सोडून दिलें. आपल्या परभणीच्या महाविद्यालयांतून पदवी घेणाऱ्या मुलामुलींच्या प्रमाणपत्रावर ज्या विद्यापीठाचें नांव असतें, तें ह्या आडनांव सोडलेल्या पुरुषाच्याच नांवाचें आहे.

येथवर आल्यावर माझ्या मनांतील खरी बोंच कोठें होती, तें मला उमगलें. आपल्या देशांत आडनांव ऐकलें कीं ऐकणारा मनांत एक तराजू धरतो. अमक्याची जात कोणती, त्याला ओट्यावर बसवावें कीं अंगणांत, त्याचें पोर हुशार असेल कीं नसेल, हें माणसाचें तोंड पाहण्यापूर्वींच ठरविलें जातें. वर्गांतील हंसें हें त्या तराजूचेंच लहान पोर आहे. उंदरे म्हटल्यावर जी मुलें हंसलीं, तीं देशमुख म्हटल्यावर हंसलीं नसतीं. आणि मी? मी वयानें व शिक्षणानें मोठा. तरी माझ्याही ओठांना तो तराजू धरण्याची संवय होती.

दोन दिवसांनीं ते गृहस्थ आले. मीं त्यांना मोल्सवर्थाची सारी हकीकत सांगितली, आणि म्हटलें, "उंद्री, उंदरगांव अशा नांवांचीं गांवें महाराष्ट्रांत आहेत. गांवावरून आडनांव पडण्याची आपल्याकडे चाल आहे. तेव्हां तुमच्या आडनांवांतला उंदीर हा त्या साहेबाच्या नांवांतल्या प्राण्यासारखाच नुसता कानाचा भास असूं शकेल." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमची म्हातारी सांगायची, गुरुजी. दुष्काळात आपलं घर बालाघाटाच्या अंगानं खाली उतरलं म्हणून. गावाचं नाव काय तिला सांगता आलं न्हाई." थोडें थांबून ते पुन्हा म्हणाले, "मंग ऱ्हाऊ द्या हेच. हे बी पुसलं तर कुठून आलो ते सांगायला काहीच उरायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशीं मीं त्याच वर्गांत तो कोश नेला आणि मुलांना ही कथा सांगितली. त्या दिवशीं वर्ग हंसला तेव्हां मलाही हंसूं आलें होतें, ही माझी चूकही सर्वांसमक्ष कबूल केली. वर्ग अगदीं शांत झाला. तेव्हां तो मुलगा, जो इतके दिवस आपण होऊन एक अक्षर बोलला नव्हता, उभा राहिला आणि त्यानें विचारलें, "सर, मोल्सवर्थ साहेबांना त्यांच्या शाळेत मुलं चिडवत असतील का?"

"चिडवीत असतील," मीं म्हटलें.

"आणि मग?"

"मग त्यांनीं मराठीचा कोश केला."

ह्या उत्तरावर वर्ग पुन्हा हंसला. परंतु ह्या खेपेस तो मुलगाही हंसला.

तात्पर्य, आडनांव ही कोणाच्या मोठेपणाची सनद नाहीं, आणि कोणाच्या हलकेपणाचा दाखलाही नाहीं. तें आपल्या एखाद्या पूर्वजाच्या गांवाची, कामाची किंवा स्वभावाची, कारकुनाच्या लेखणीनें अकस्मात् टिपून ठेवलेली आठवण आहे. ती जपण्याजोगी आहे. तिच्यावरून माणसाचें मोल ठरविणें हा मात्र अन्याय आहे. मोल्सवर्थांचें मोल त्यांच्या आडनांवांत नव्हतें. तें त्यांनीं गोळा केलेल्या ६०,००० शब्दांत होतें.

विद्यार्थिमित्रहो, ह्या सुटींत एक काम करा. आजीआजोबांजवळ बसा आणि त्यांना विचारा: आपलें आडनांव कोठून आलें? आपलें घर ह्या गांवीं कधीं आलें, कोणत्या वाटेनें आलें, आणि मागें काय सोडून आलें? तीं जें सांगतील तें वहींत लिहून ठेवा. आजी गेल्यावर तें सांगणारें कोणी राहत नाहीं, आणि पुष्कळ घरांतून तें असेंच कायमचें नाहींसें झालें आहे. पालकांनाही माझी नम्र विनंति आहे कीं, मुलांनीं विचारल्यास उत्तर द्यावें. आणि दुसऱ्याच्या आडनांवावर घरांत थट्टा चालली असेल, तर ती मुलांच्या कानीं पडूं देऊं नये. कारण घरीं ऐकलेली थट्टाच दुसऱ्या दिवशीं शाळेच्या मागच्या बांकावरून 'चूं चूं' करीत असते.